केळ्याची बी कुठे गेली?

मी दुसरीत असताना एक उद्योग केला होता. केळे चिरून त्यातले काळे ठिपके काडीने काढले आणि शाळेच्या बागेत पेरले. रोज बाटलीतले उरलेले पाणी घालायचो. महिना झाला तरी काही उगवले नाही. शेजारी कुणीतरी थुंकलेली कलिंगडाची बी मात्र वेल होऊन पसरली. तेव्हापासून पोरे मला 'केळीवाला' म्हणतात. आता सातवीत आल्यावर मी बाईंना विचारले, माझे काय चुकले? बाईंनी आणि आगाशीच्या मामांनी जे सांगितले ते लिहितो.

साधारणपणे फुलात पराग पडला की बी धरते, आणि बी धरली की तिच्याभोवती फळ फुगू लागते. आंबा, चिकू, जांभूळ, सीताफळ सगळ्यांचे असेच. गर ही झाडाने दिलेली मजुरी समजा. पाखरू गर खाते आणि बी लांब नेऊन टाकते.

केळ्याचे तसे नाही. केळफुलाची जांभळी पाने उचलून बघा. आत बारीक फुलांच्या रांगा असतात. त्यांच्यावर पराग पडो न पडो, त्यांची केळी होतातच. आतले काळे ठिपके म्हणजे व्हायच्या राहून गेलेल्या बिया! मी त्याच पेरल्या होत्या.

बी का होत नाही? झाडाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात. बहुतेक झाडांत त्यांचे दोन संच असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. बीची तयारी होताना त्यांच्या जोड्या लागतात आणि मग निम्मी-निम्मी वाटणी होते. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत मात्र ११ गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ३३. आता तिघातिघांच्या जोड्या लावायच्या कशा? दरवेळी एक जण उरतोच. वाटणी बिघडते आणि बी धरत नाही.

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसात एक रानकेळ दिसते, तिला चवई म्हणतात. ती आपल्या केळीची सख्खी नव्हे, चुलत बहीण. तिच्या फळात टणक काळ्या बिया गच्च भरलेल्या असतात, खायला गर नावालाच. पण गंमत ऐका. चवईला बुंध्याशी पिल्ले फुटत नाहीत. एकदा फळली की ती मरते, आणि पुढची चवई बीमधूनच यायची. वाडीतली केळही एकदाच फळते, पण तिच्या गड्ड्याला मुनवे फुटतात. तो मुनवा लावला की झाली नवी केळ. म्हणजे चवईला बीशिवाय गत नाही, आणि आपल्या केळीला माणसाशिवाय.

द्राक्षांची गोष्ट आणखी निराळी. नाशिक-सांगलीकडच्या बिनबियांच्या द्राक्षात बी धरायला सुरुवात होते, पण ती मध्येच थांबते. दाताखाली कधी कधी मऊ कण लागतो तो तिचाच. बी नसल्यामुळे मणी लहान राहतो, म्हणून बागायतदार जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात घड बुडवतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९९२ साली 'सिंधू' नावाचा आंबा आला, रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून. त्याची कोय अगदी पातळ. (मला कोय चोखायला आवडते, म्हणून मला तो आंबा चालणार नाही.) नीरफणसातही बहुधा आठळ्या नसतात. त्याचे रोप मुळांना फुटलेल्या कोंबापासून करतात.

आता खरी अडचण सांगतो. बीतून आलेले झाड आई-बापांपेक्षा थोडे वेगळे असते. मुनवा तसा नसतो. तो केळीचे मूल नव्हे, ती केळच. म्हणून एकीला जो रोग मारतो, तो सगळ्यांना मारतो. पूर्वी परदेशात 'ग्रो मिशेल' नावाचे केळे सगळीकडे विकले जाई. जमिनीतल्या बुरशीने होणाऱ्या पनामा रोगाने १९५० च्या सुमारास त्याच्या मोठमोठ्या बागा बसवल्या. मग 'कॅव्हेंडिश' जातीची केळी आली. आता त्या रोगाचा नवा प्रकार तिलाही मारतो, आणि तो आपल्या देशात बिहार व उत्तर प्रदेशात सापडला आहे.

आमच्या आजोळी वेगळाच रोग आला आहे. आगाशीला बावखलाच्या काठी आजीची राजेळी केळ होती. राजेळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात. वसईची सुकेळी तुम्ही खाल्ली असतीलच. ती वाडी यंदा इमारतीसाठी गेली. वालाची किंवा भोपळ्याची बी असती तर आजीने चिंधीत बांधून फडताळात ठेवली असती. राजेळीची पुडी कशी बांधणार? गड्डा जमिनीतून गेला की जात गेली.

म्हणून मामा, मी आणि आजी पहार घेऊन गेलो. मामा म्हणाले, "रुंद पानांचा घेऊ नकोस रे, तलवारीसारख्या पानांचा बघ. त्यात जोर असतो." चार मुनवे निघाले. आजी काही बोलली नाही, फक्त प्रत्येकाची माती हाताने दाबून गोणपाटात बांधली. दोन मामांनी ओळखीच्या वाडीत लावले, एक आमच्या फुलपाड्याच्या घरामागे, आणि एक बाईंना विचारून शाळेच्या नळाजवळ.

घरामागचा कोंबड्यांनी उकरला, तो सुकला. शाळेतल्याला मात्र गुंडाळीसारखे नवे पान आले आहे. लोंगर यायला वर्षभर तरी लागेल, तेव्हा मी या शाळेत नसेन. या आठवड्यात पाणी घालायची पाळी पाचवीची आहे.