रिमवर फुकटचा आळ

वजनदार माणसाने सायकल घेतली की वर्षभरात मागचं चाक डुगडुगायला लागतं, मग एखादा स्पोक तुटतो आणि दुकानदार निकाल देतो, ‘साहेब, तुमचं वजन जास्त, भारीतली रिम टाका.’ रिम बदलली जाते, पण काही महिन्यांनी पुन्हा ‘टण्ण!’ दोष बहुतेक वेळा रिमचा नसतोच. चाक बांधणाऱ्याच्या हाताचा असतो.

‘खड्ड्यात आदळलं म्हणून स्पोक तुटला’ हा सगळ्यात पक्का गैरसमज. खड्ड्याने रिम चेपते, ट्यूब फाटते. स्पोक मात्र बरेचदा चांगल्या रस्त्यावर, काही घडलेलं नसताना तुटतो, आणि तोही बहुधा हबपाशी, जिथे तो काटकोनात वळलेला असतो तिथे. चाक उभं असतं ते ताणलेल्या स्पोकांच्या जोरावर. भार पडला की जमिनीलगतच्या दोन-चार स्पोकांचा ताण उतरतो, चाक पुढे सरकलं की पुन्हा चढतो. हायब्रिड सायकलचं चाक किलोमीटरला साधारण ४६० वेळा फिरतं. म्हणजे १० किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक स्पोक साडेचार हजार वेळा सैल होतो आणि ताणला जातो. मुळातच ढिला असलेला स्पोक दर फेऱ्याला पार लुळा पडतो आणि वळणापाशी थकत जातो. तार मागेपुढे वाकवून तोडतात, तसंच हे. ‘स्पोक जरा सैल ठेवा, चाक लवचिक राहील’ हा सल्ला म्हणूनच उफराटा.

‘आऊट काढला, आता चाक पक्कं’ हेही खरं नाही. एक स्पोक अति ताणलेला आणि शेजारचे दोन ढिले असले, तरी चाक सरळ फिरू शकतं. आठवडाभरात पुन्हा आऊट होतं. घरच्या घरी तपासायचं तर नखाने एकेक स्पोक छेडावा. एका बाजूच्या सगळ्या स्पोकांचा आवाज जवळपास सारखा हवा. गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाची उजवी बाजू टणक आणि डावी खर्जात वाजणार, कारण दातेरी चकत्यांना जागा देण्यासाठी उजवे स्पोक जास्त उभे बांधलेले असतात. जाणता मेकॅनिक बांधून झाल्यावर समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत दाबून बसवतो आणि पुन्हा आऊट काढतो. ही पायरी गाळलेली महागडी रिमसुद्धा फसवते.

जाड स्पोक म्हणजे मजबूत स्पोक, असंही नाही. टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ मिलिमीटर असा स्पोक जास्त टिकतो. मधला बारीक भाग थोडा ताणला जातो, त्यामुळे वळणावरचा त्रास कमी होतो. किंमत जास्त असते, पण ती वसूल होते.

लोखंडी रिमच्या बाजूने नेहमी दूधवाल्याच्या काळ्या सायकलीची साक्ष काढली जाते. तिची ताकद धातूपेक्षा मोजणीत आहे: मागे बहुधा ४० स्पोक, पुढे ३२, आणि टायर दीड इंची. हलक्या हायब्रिडला लोखंडी रिम घातली तर पावसात ब्रेक रबर क्रोमवरून नुसते घसरतात. ॲल्युमिनियमची दुहेरी भिंतीची रिम हलकी असूनही पिळाला चांगली टक्कर देते. मागे ३६ स्पोक घ्यावेत. ३२ वर भागतं, पण बांधणी चोख हवी. कमी स्पोकांची उंच, दिमाखदार चाकं शर्यतवाल्यांना लखलाभ.

‘हवा टाइट भरली की रिम वाचते’ यात अर्धंच तथ्य आहे. हवा कमी असली तर रिम खड्ड्याच्या काठावर आपटते, हे खरं. पण २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये कितीही हवा कोंबली तरी हादरा पोचतोच. फ्रेममध्ये मावत असेल तर ३५ ते ४० चा टायर घाला. रिमवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा, असं माझं मत.

रिम खरोखरच बदलावी लागते ती चेपली, स्पोकच्या भोकापाशी तडा गेला किंवा झिजली तर. रिमब्रेकच्या सायकलीत पावसाळी चिखल रबरात अडकून रिमची भिंत कानशीसारखा घासतो. भिंतीवर बोट फिरवून पाहा. सपाट पट्टी आत खोलगट लागली, की ती रिम उतरवायची वेळ झाली. नवी घेताना भोकांची संख्या हबशी जुळवा आणि टायरच्या कडेला छापलेला आकडा वाचून जा: ७००सी आणि २९ इंची, दोन्हींचा ६२२, काळ्या सायकलीच्या ‘अठ्ठावीस’चा ६३५. मागच्या चाकाचे दोन-तीन स्पोक आधीच तुटलेले असतील, तर उरलेलेही तितकेच थकलेले असतात. ते नव्या रिमला लावू देऊ नका.