सुप्याचा दंगा चित्रांत उतरवताना

तुमच्या घरातलं पोर ॲनिमेशन शिकतंय आणि माहितीपटासाठी जुना गुन्हा शोधतंय? मग त्याला सुप्याचं नाव सांगा. आज बारामती तालुक्यात असलेलं हे गाव. १२ मे १८७५ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, इथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, खतं-वह्या बाहेर काढून जाळल्या. राग माणसांपेक्षा कागदावर जास्त होता. त्या काळी खेड्यात कॅमेरा कुठला? म्हणून चित्रांचाच आधार.

आधी वाचन. दख्खन दंगे आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. साक्षी, भाव, व्याजाचे दर, सगळं त्यात मिळतं. पण बरं का, अहवाल सरकारचा! सारा वाढला म्हणून रयत चिडली, हे त्याने मानलं नाही. खापर सावकारावर फोडलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचे भाव गडगडले आणि पाठोपाठ साराही चढला. पोराने हेही मांडलंच पाहिजे, नाहीतर गुन्हेगार ठरवणार ब्रिटिश साहेब आणि चित्रं काढणार आपण.

दुसरी गोष्ट, ढेरपोट्या मारवाड्याचं व्यंगचित्र नको. ते सोपं असतं, म्हणूनच मोह होतो. त्या घराण्यांचे वंशज आजही आपल्यात राहतात.

सेकंदाला १२ चित्रं धरली तरी पाच मिनिटांना ३,६०० लागतात. तेव्हा प्रसंगांचे चौकोन आधी साध्या वहीत पेन्सिलीने आखा. पहिला चौकोन खताचा घ्या, खाली निरक्षर कुणब्याने केलेली नांगराची निशाणी.