फाइल हरवली की पत्ता?

सोमवारी आमच्या छातीच्या ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. तीनेक वर्षांपूर्वीच्या अशाच एका सोमवारी साडेदहाच्या सुमारास आमच्या टेक्निशियन ताई केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ''सर, फुंकायचं मशीन चालत नाहीये. मशीन चांगलं आहे, पण कॉम्प्युटर काहीतरी फाइल मागतोय.''

फुंकायचं मशीन म्हणजे स्पायरोमीटर. खोल श्वास घेऊन नळीत जोरात फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडली ते पाहायचं. दमा, बिडीने खराब झालेली फुप्फुसं, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस या सगळ्यांत हा आकडा आम्हाला रोज लागतो. नळी आणि सेन्सर एका लहान डबीत असतात, बाकी सगळं डोकं शेजारच्या संगणकात.

तो संगणक आदल्या शनिवारीच 'अपग्रेड' झाला होता. आधी त्यावर विंडोज ७ होतं आणि त्याला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाल्या होत्या. चालतंय तर कशाला हात लावायचा, असं मीही बरेच दिवस म्हणत होतो. पण मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं काय केलं ते वाचल्यावर माझं तोंड बंद झालं. तिथल्या २३६ ट्रस्टपैकी ऐंशीच्या आसपास ट्रस्टचं काम विस्कळीत झालं आणि सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज सरकारी लेखापरीक्षकांनी नोंदवला. ज्या संगणकांवर वेळेत दुरुस्त्या चढवल्या नव्हत्या, ते सापडले. तेव्हा अपग्रेड करणं बरोबरच होतं. चुकलं ते पुढे.

पडद्यावरच्या चौकटीत मजकूर होता, की एमएसव्हीसीआर१००.डीएलएल ही फाइल या संगणकात नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरू करता येत नाही. आमचा एक हुशार इंटर्न तोवर मोबाइलवर ही फाइल फुकट देणारी साइट शोधून बसला होता. ''सर, दोन मिनिटांत डाउनलोड करून टाकतो.'' त्याला थांबवलं. रस्त्यावर कुणीतरी दिलेली लेबल नसलेली गोळी आपण रुग्णाला देत नाही. अशा साइटवरची फाइल जुन्या आवृत्तीची असू शकते, चुकीची असू शकते आणि तिच्यात दुसरंच काही दडलेलंही असू शकतं. जिथे हजारो रुग्णांची नावं आणि तपासण्या आहेत, त्या संगणकात तर नकोच.

डीएलएल म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात नीट समजलं. प्रत्येक प्रोग्रॅम सगळी कामं स्वतः करत नाही. आकडेमोड, छपाई, अक्षरं दाखवणं अशी नेहमीची कामं करणाऱ्या सामायिक फाइल असतात आणि अनेक प्रोग्रॅम त्यांना हाक मारतात. आमच्याकडे प्रत्येक वॉर्डाची वेगळी रक्तपेढी नसते, तसंच. यातल्या काही फाइल विंडोजच्या स्वतःच्या असतात. काही मात्र प्रोग्रॅम बसवताना त्याच्या सेटअपबरोबर येतात. हा फरक कळला नाही, तर माणूस दिवसभर चुकीच्या जागी शोधत राहतो.

आम्हीही तेच केलं. कंत्राटी संगणक दुरुस्तीवाला मुलगा आला. पोरगा कष्टाळू, पण घाईत. त्याने आपल्या लॅपटॉपमधली त्याच नावाची फाइल उचलून प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये टाकली. आता तक्रार बदलली. फाइल नाही असं न म्हणता पडदा 0एक्ससी०००००७बी असा एक आकडा दाखवू लागला. मुलगा म्हणाला, ''सर, प्रगती आहे!'' ताप उतरला आणि पुरळ उठलं तर त्याला प्रगती म्हणायचं का, हा प्रश्न मी गिळला.

मग त्याने विंडोजची स्वतःची तपासणी चालवली. 'एसएफसी /स्कॅननाऊ' ही आज्ञा त्यासाठीच असते. विंडोज आपल्या संरक्षित फाइल एकेक करून आपल्याच कोठारातल्या मूळ प्रतींशी ताडून पाहते आणि बिघडलेली किंवा गहाळ फाइल सापडली तर तिथून भरून काढते. कोठारच खराब असेल, तर आधी 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' ही आज्ञा देऊन ते दुरुस्त करावं लागतं. ती मूळ फाइल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून आणते. म्हणून क्रम आधी डीआयएसएम, मग एसएफसी. दोन्ही आज्ञा कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत इंग्रजीत टाइप करायच्या आणि ती खिडकी 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडायची, नाहीतर ती ऐकत नाही. जुन्या संगणकावर यात अर्धा तास सहज जातो. मधेच एखाद्या आकड्यावर अडकल्यासारखं वाटतं, तेव्हा बटण दाबून बंद करू नये.

अर्ध्या तासाने उत्तर आलं, की कुठलीही फाइल बिघडलेली नाही.

मुलगा हिरमुसला, मी मात्र सावरून बसलो. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि रुग्ण तरीही धापा टाकतोय, तर रिपोर्ट खोटे असं आपण म्हणत नाही. आजार त्या तपासणीच्या कक्षेत नाही, एवढंच ठरतं. विंडोज धडधाकट होतं. हरवलेली फाइल मुळात विंडोजची नव्हतीच. ती 'व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१०' नावाच्या जोडसंचातली होती. जुन्या संगणकावर स्पायरोमीटरचा प्रोग्रॅम सीडीवरून बसवताना तो संच मुकाट्याने बसला होता. शनिवारी काय झालं, ते आता मुलाने सांगितलं. जुनं विंडोज ३२ बिटचं, नवं ६४ बिटचं. एकावर दुसरं थेट चढत नाही, नव्याने बसवावं लागतं. ते केल्यावर सीडी काही सापडली नाही, म्हणून त्याने जुन्या डिस्कवरचा प्रोग्रॅमचा फोल्डर जसाच्या तसा नव्या ठिकाणी उचलून ठेवला. फोल्डर आला, त्याचे बाहेर ठेवलेले सोबती मागे राहिले.

जोडसंच मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पानावर मिळतो. मुलाने आपली आगंतुक फाइल काढून टाकली, संच उतरवला, बसवला. पुन्हा पहिलीच चौकट! कारण त्याने ६४ बिटचा संच घेतला होता. संगणक ६४ बिटचा म्हणजे संचही तोच, असं कुणालाही वाटेल. पण संच संगणकाला नव्हे, प्रोग्रॅमला जुळायला हवा आणि आमचा प्रोग्रॅम जुना, ३२ बिटचा. मघाचा तो विचित्र आकडाही त्यामुळेच आला होता. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ६४ बिटची फाइल, म्हणजे भलत्या गटाचं रक्त.

विंडोजमधली नावं इथे आणखी गोंधळ घालतात. ६४ बिटच्या विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' या फोल्डरात ६४ बिटच्या फाइल असतात आणि ३२ बिटच्या फाइल 'सिसवॉव६४' मध्ये. उलटं लिहिलं नाहीये मी, तसंच आहे. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून जुनं नाव तसंच ठेवलं गेलं. वैद्यकातल्या निम्म्या आजारांची नावंही अशीच, त्यामुळे मी फार बोलत नाही.

३२ बिटचा संच बसवल्यावर प्रोग्रॅम उघडला. टाळ्या वाजायच्या बाकी होत्या, तोवर ताई म्हणाल्या, ''सर, डबी ओळखत नाहीये.'' डबी आणि विंडोज यांच्यातला दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, तोही ३२ बिटचा होता. प्रोग्रॅमच्या बाबतीत ६४ बिटचं विंडोज जुन्याला सांभाळून घेतं, ड्रायव्हरच्या बाबतीत अजिबात नाही. कंपनीला फोन, ईमेल, पुन्हा फोन. नवा सेटअप शुक्रवारी आला.

त्या सोमवारी बाकावर बसलेल्यांत खडी क्रशरवर काम करणारे एक गृहस्थ होते, वय चव्वेचाळीस. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेच फुंकून गेले होते. खोकला वाढला, जिना चढवत नाही, म्हणून परत आलेले. जुना रिपोर्ट? ''पावसात भिजला साहेब, टाकून दिला.'' बाहेर तपासणीला पैसे नव्हते. त्यांना शनिवारी यायला सांगितलं. त्यांची रोजंदारी बुडणार होती, हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी मशीन चाललं. त्यांनी तीनदा फुंकलं. पहिल्या सेकंदाची हवा एक पूर्णांक सात लिटर. कमीच. पण हे दोन वर्षांपूर्वीही इतकंच होतं, की घसरत इथवर आलं? निरोगी, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसाची ही हवा वयानुसार दर वर्षी २५-३० मिलिलिटरने कमी होते. त्यापेक्षा फार वेगाने घसरत असेल, तर सल्ला वेगळा द्यावा लागतो. ताईंनी जुन्या नोंदींची यादी उघडली. यादी रिकामी. सहा वर्षांच्या हजारो तपासण्या, आणि पडद्यावर एकही नाव नाही.

मुलाने उचललेल्या फोल्डरात प्रोग्रॅम होता, नोंदी नव्हत्या. त्या 'प्रोग्रॅमडेटा' नावाच्या फोल्डरात होत्या आणि तो फोल्डर विंडोज एरवी दाखवतच नाही. सुदैव एवढंच, की नवं विंडोज बसवताना मुलाने डिस्क फॉरमॅट केली नव्हती. अशा वेळी जुनं सगळं 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरात गुंडाळून ठेवलं जातं. दुर्दैव असं, की साधारण दहा दिवसांनी विंडोज तो फोल्डर जागा मोकळी करण्यासाठी आपोआप पुसून टाकतं. तो सातवा दिवस होता. त्यात दुपारी कुणीतरी डिस्क भरली म्हणून 'साफसफाई'चं बटण दाबायच्या बेतात होतं, हे मला नंतर कळलं.

लपलेले फोल्डर दाखवा अशी खूण केली, विंडोज.ओल्ड उघडला, प्रोग्रॅमडेटा सापडला. आधी त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, मगच ती नव्या जागी ठेवली. प्रोग्रॅम पुन्हा उघडला आणि यादी खाली खाली सरकू लागली. ताईंनी आडनाव टाइप केलं. दोन वर्षांपूर्वीचा आकडा होता दोन पूर्णांक दोन.

अर्धा लिटर, दोन वर्षांत. छातीच्या फोटोबरोबर हा घसरणीचा आलेख जोडला, तेव्हा पुढच्या गोष्टी सरळ झाल्या. धुळीचं काम थांबवायचं, क्षयाची तपासणी करायची, आणि कामामुळे आजार झाल्याची नोंद कागदोपत्री करायची. फक्त एक पूर्णांक सात हा आकडा घेऊन मी बहुधा पंप लिहून दिला असता आणि तीन महिन्यांनी या म्हटलं असतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आहेत आणि घरोघरी, दवाखान्यांत, दुकानांत अपग्रेडची घाई चालू आहे. दहावरून अकरावर थेट चढता येतं, तेव्हा प्रोग्रॅम सहसा जागेवर राहतात. तरीही चौकट आलीच, तर तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि फाइलचं नाव पूर्ण वाचा. एकच प्रोग्रॅम कुरकुरत असेल, तर तो काढून मूळ सेटअपवरून पुन्हा बसवा. फोल्डर उचलून ठेवू नका. अँटिव्हायरसने ती फाइल संशयावरून कोंडून ठेवली आहे का, तेही पाहा. सेटिंग्ज, छपाई, स्टार्ट मेनू असं विंडोजचंच बरंच काही बिघडलं असेल, तर वर सांगितलेल्या दोन आज्ञा कामाच्या. काहीच जमलं नाही, तर थेट चढवलेल्या अपग्रेडनंतर पहिले दहा दिवस सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'तून जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. त्या दहा दिवसांत साफसफाई करू नका. आणि डेटाची प्रत अपग्रेडच्या आधी, दुसऱ्या डिस्कवर.

आमचा तो संगणक अकरा नंबरच्या विंडोजला चालणार नाही इतका जुना आहे, म्हणजे नवा येणार. ताईंनी यावेळी नोंदींच्या दोन प्रती आधीच काढून एक माझ्या कपाटात ठेवली आहे. सीडीही सापडली, स्टोअरच्या रजिस्टरमध्ये 'किरकोळ' या सदरात. नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का, हे कंपनीला लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही, त्यामुळे जुना संगणक इंटरनेटची वायर काढून तसाच चालू ठेवलाय.