विश्लेषण : उपग्रहाच्या चित्रात हिरवे शेत लाल का दिसते?

उपग्रहाने टिपलेले लालभडक डोंगर मोबाइलवर फिरू लागले, की जंगल पेटल्याचा समज सहज होतो. प्रत्यक्षात तो लाल रंग अनेकदा दाट, निरोगी झाडीचा असतो.

रंग येतो कुठून?

उपग्रहावरील संवेदक प्रकाशाच्या ठरावीक पट्ट्यात, म्हणजे ‘बँड’मध्ये, जमिनीवरून किती प्रकाश परतला एवढेच मोजतो. प्रत्येक बँडचे चित्र कृष्णधवलच. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहावर असे १३ बँड आहेत. मोबाइलचा पडदा मात्र लाल, हिरवा, निळा या तीनच रंगांवर चालतो. त्यामुळे कोणते तीन बँड घ्यायचे आणि कोणाला कोणता रंग द्यायचा, हे चित्र बनवणारा ठरवतो.

लाल, हिरव्या, निळ्या बँडला त्यांचेच रंग दिले, तर डोळ्यांना दिसते तसे चित्र मिळते. जून २०२० मध्ये लँडसॅट-८च्या अशाच चित्रात लोणार सरोवर गुलाबी दिसले. तो गुलाबी खरा होता. खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांमुळे तो आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.

मग शेत लाल कसे?

निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात, जवळपास निम्मे, परतवते. हा बँड दाखवायचा तर त्याला एखादा दिसणारा रंग उसना द्यावा लागतो. रूढ पद्धतीत तो लाल. मग ऊस लालजर्द दिसतो आणि हे किरण शोषणारे पाणी काळे. पिकावर ताण आला की लाली उतरते.

पीक विम्यात उत्पादनाच्या अंदाजासाठी उपग्रहाची मदत घेतली जात असल्याने ही लाली शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेली आहे. पण चित्राची लाली संगणकावर कमी-जास्त करता येते. म्हणून तज्ज्ञ रंगाऐवजी बँडमधील मूळ आकडे ताडून पाहतात. सेंटिनेल-२च्या सर्वांत बारीक बँडमध्ये एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे साधारण एका गुंठ्याचा. लँडसॅटचा नऊ गुंठ्यांचा. छोट्या वावरात त्या नऊ गुंठ्यांत बांधावरची बाभूळ आणि शेजाऱ्याची तूरही मिसळते.

खरिपात अडचण ढगांची. तेव्हा ढगांपलीकडे पाहणारा रडार उपग्रह वापरावा लागतो. त्याच्या चित्रातला तर प्रत्येक रंग उसनाच असतो.