उंच इमारतींची सुरक्षा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उंच निवासी इमारतींच्या सुरक्षेचा प्रश्न मुंबई-पुण्याचा, परभणीचा नव्हे, हा पहिला गैरसमज. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 नुसार 15 मीटर किंवा त्याहून जास्त उंचीची इमारत ‘उंच इमारत’ ठरते. खाली पार्किंग आणि वर पाच मजले चढले की ही मर्यादा बहुधा ओलांडली जाते. परभणीत 2011 पासून महानगरपालिका आहे. शहर लहान म्हणून नियम सैल होत नाहीत.

त्याहून घातक समज भोगवटा प्रमाणपत्राबद्दलचा आहे. ते मिळाले की इमारत कायमची सुरक्षित झाली आणि पुढची काळजी महापालिकेची, असे रहिवासी धरून चालतात. कायदा नेमके उलट सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 डिसेंबर 2008 पासून लागू आहे. त्यानुसार अग्निशमन यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. ती सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते.

यंत्रणा बसवलेली असणे आणि चालू असणे यात जीवनमरणाचे अंतर आहे. मुंबईत करी रोडच्या साठ मजली अविघ्न पार्कमध्ये 22 ऑक्टोबर 2021 रोजी 19व्या मजल्यावर आग लागली आणि एकाचा जीव गेला. इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू नव्हती, असे तेव्हा अग्निशमन दलाने सांगितले. बिघाड बहुधा साधाच असतो. जिन्याजवळच्या लाल पेटीत नळी असते, पण पितळी नोझल नसते, पंपाचा स्विच ‘ऑटो’वर नसतो, दाबमापकाचा काटा शून्यावर असतो. हे पाहायला इंजिनिअर लागत नाही.

‘रेरा’ नोंदणी म्हणजे मजबुतीची हमी, हाही समज चुकीचा. महारेराचे काम मुख्यतः व्यवहारातील पारदर्शकतेचे आहे. ते आग किंवा खांब तपासत नाही. मात्र ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष निघाल्यास तो विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावा, अशी तरतूद 2016च्या रेरा कायद्यात आहे.

स्ट्रक्चरल ऑडिट फक्त पडायला आलेल्या इमारतींचे करायचे, असेही मानले जाते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी ऑडिट हवे. परभणीच्या काळ्या मातीत याला विशेष अर्थ आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया पक्क्या थरापर्यंत गेला नसेल तर भिंतींना तडे जातात. भूकंपाचाही विसर पडू नये. 21 मार्च 2024च्या हिंगोलीतील 4.5 तीव्रतेच्या भूकंपाचे हादरे परभणीतही जाणवले. खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या इमारतींना भूकंपात जास्त धोका असतो, हे 2001 मध्ये अहमदाबादेत दिसले.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये लागलेल्या आगीत 72 जण दगावल्यानंतर ब्रिटनने 2022च्या कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी स्वतंत्र नियामक आणला. महाराष्ट्रात असे एकच कार्यालय नाही. आग अग्निशमन दलाकडे, लिफ्ट विद्युत निरीक्षकांकडे, बांधकाम परवानगी महापालिकेकडे. म्हणून सगळे कागद एकत्र ठेवण्याचे काम रहिवाशांवरच येते. ताबा घेताना मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला आणि लिफ्टचा परवाना मागून घ्यावा, आणि ‘ब’ नमुना दर सहा महिन्यांनी सभेत सर्वांसमोर ठेवावा.