ज्या निर्यातीला जकात नाही

1974 साली मुंबईच्या टीसीएसला अमेरिकेतल्या बरोज कंपनीचं काम मिळालं. रुग्णालयांचा कारभार सांभाळणारा एक प्रोग्राम बरोजच्याच दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर चालेल, असा करून द्यायचा होता. आता गंमत बघा: बरोजचं यंत्रच अजून मुंबईत आलेलं नव्हतं! म्हणजे चूल नसताना पंगत वाढायची. टीसीएसचे प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या माणसांनी हाताशी होता त्या आयसीएल 1903 या ब्रिटिश संगणकावर बसून हे काम पार पाडलं.

एवढा खटाटोप कशासाठी? देशात डॉलरची चणचण होती. संगणक बाहेरून आणायचा, तर सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन मिळवून दाखवा, अशी सरकारची अट होती. आज आपण ज्या उद्योगाची एवढी मिजास मारतो, त्याचं एक मूळ आयात परवान्याच्या कागदात आहे.

पुढे 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बेंगळुरूत आली आणि चिपची डिझाइनं उपग्रहामार्फत अमेरिकेला जाऊ लागली. मग समुद्रतळावरून केबल आल्या. त्यांतल्या बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. केसाएवढ्या काचतंतूंमधून प्रकाश पळतो आणि त्यावर दोन देशांतला अब्जावधी डॉलरचा व्यवहार चालतो. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारताची जवळपास निम्मी बँडविड्थ गेली होती.

पण मला खरं नवल वाटतं ते घड्याळाचं. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्याच्या हिंजवडीत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तिकडचा डॉक्टर रुग्णाबद्दल बोलून ठेवतो, तो झोपतो तेव्हा इकडे कुणीतरी ते टाइप करतं, आणि तो उठेपर्यंत कागद तयार. पृथ्वी फिरते, त्याचाही पैसा होतो! त्यात नोव्हेंबरात अमेरिका आपली घड्याळं तासभर मागे घेते. आपली घड्याळं आहेत तिथेच राहतात, पण तिकडच्या ऑफिसवेळा धरून ठरलेली पुण्यातली मीटिंग साडेसहाची साडेसात होते आणि घरची जेवणं लांबतात.

तिकडची बाजूही खरी आहे. काही अमेरिकनांना स्वतःच्याच जागी येणाऱ्या परदेशी माणसाला काम शिकवून नोकरी सोडावी लागली. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. पण तो राग काढायचा कशावर? ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय कोळंबी, तयार कपडे अशा मालावरचं जादा आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं, कोड मात्र त्यातून सुटला. इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाणाऱ्या गोष्टींवर सीमाशुल्क लावायचं नाही, असं जागतिक व्यापार संघटनेच्या देशांनी 1998 मध्येच ठरवलं होतं. मग पुढच्याच महिन्यात अमेरिकेने माणसाकडे मोर्चा वळवला: देशाबाहेरून येणाऱ्याच्या नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर 1 लाख डॉलर शुल्क. तोच माणूस पुण्यात बसून तेच काम करून पाठवतो, तेव्हा ते शुल्क लागत नाही.