वाऱ्यापावसातला हलका तंबू



कामगार संघटनेचे काम करणारा माणूस तंबूवर बोलणार म्हटल्यावर आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पण या विषयाचा कामगाराशी संबंध आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीचा उपयोग आज तळोजा, रसायनी, पाताळगंगा इथल्या कारखान्यांतले तरुण आपल्या परीने करीत आहेत. शनिवारची पाळी संपली की पाठीवर पिशवी टाकून ते प्रबळगडाच्या, माथेरानच्या वाटेला लागतात. त्यांतले काही जण पदरचे पाच-दहा हजार रुपये घालून तंबू घेतात आणि दुकानात दोनच प्रश्न विचारतात : वजन किती आणि किंमत किती? हे प्रश्न रास्त आहेत, पण अपुरे आहेत. वजन कमी असावे हे खरेच. परंतु ते कशातून कमी केले आहे, हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. आजच्या विवेचनाचा सारा रोख एवढ्यावरच आहे.

प्रथम वाऱ्याचा हिशेब पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरच्या सपाट पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ८ किलोचा भार टाकतो. ताशी ८० किलोमीटरचा वारा सुमारे ३१ किलोचा. तंबूची उभी बाजू दोन चौरस मीटरची धरली तर हा भार साठ किलोच्या वर जातो, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या कापडावर रेलल्यासारखे झाले! म्हणून उंच, उभ्या भिंतींचा तंबू मैदानातल्या सहलीला बरा, डोंगराच्या धारेवर नव्हे. भटक्या लोकांचे पाल ठेंगणे आणि उतरते असते, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. वाऱ्याला अडवू नये, त्याला अंगावरून जाऊ द्यावे.

आता सांगाडा. दोन काठ्या माथ्यावर एकमेकींना छेदतात तो साधा घुमटी तंबू. काठ्या तीन-चार असल्या आणि त्या अनेक ठिकाणी छेदल्या, तर मधले कापडाचे तुकडे लहान होतात आणि वाऱ्याचा भार सर्व काठ्यांत वाटला जातो. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन संशोधकाच्या घुमटांच्या कल्पनेवरून १९७५ साली असे तंबू बाजारात आले. ते मजबूत, पण वजनाला जड. काठ्या फायबरग्लासच्या असल्या तर स्वस्त पडतात, पण त्या जड असतात आणि मोडल्या की चिरफळ्या होऊन कापडही फाडतात. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या काठ्या हलक्या असतात; वाकल्या तरी बहुधा वरून नळी चढवून रात्र निभावता येते. या ठिकाणी चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

सर्वांत हलके तंबू असतात ते चालण्याच्या काठीवर उभे राहणारे. एक किलोच्या आतबाहेर त्यांचे वजन असते. पण त्यांचा सारा जीव मेखांवर. सह्याद्रीच्या पठारावर वीतभर मातीखाली काळा कातळ लागतो, मेख आत जातच नाही. आणि जिथे माती आहे तिथे पावसाने तिचा चिखल होऊन मेख उपटून येते. म्हणून आपल्या प्रदेशात मेखांवाचून स्वतःच्या सांगाड्यावर उभा राहणारा तंबू अधिक सोयीचा. मात्र तो उभा राहतो याचा अर्थ उडून जात नाही असा नव्हे. त्यालाही चहूबाजूंनी तणावे हवेत. मेख ठोकताना तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेले ठेवावे. कातळावर तणावा लहान दगडाला बांधून त्यावर मोठा धोंडा ठेवावा. यासाठी चार-पाच मीटर जादा दोरी जवळ असावी. तिचे वजन मूठभरच असते.

पावसाकडे वळू. १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे आषाढात काही नवलाचा नाही. तीन चौरस मीटर जागा व्यापणाऱ्या तंबूवर तेवढ्या पावसात ३०० लिटर पाणी पडते. हे पाणी वाहून गेले पाहिजे, साचता कामा नये. कारखान्याच्या फाटकाबाहेर पावसाळ्यात ज्यांनी उपोषणाचा मांडव घातला आहे त्यांना हे शिकवायला नको. ताडपत्री सैल राहिली की तिला पोट सुटते, पोटात पाणी साचते आणि शेवटी बांबू मोडतो. तंबूचेही तसेच आहे. इथे कापडाचा प्रश्न येतो. नायलॉन वजनाच्या मानाने चिवट, पण भिजले की ताणले जाऊन सैल पडते. मग रात्री उठून तणावे पुन्हा ओढावे लागतात. पॉलिएस्टर भिजल्यावर फारसे सैल पडत नाही आणि उन्हातही अधिक टिकते. पॉलिएस्टरचा धागा आपल्या शेजारी पाताळगंगेला १९८२ पासून निघू लागला. तेव्हा हा माल आपल्याला परका नाही.

कापडावरच्या चिठ्ठीत १५००, ३०००, ५००० मिलिमीटर असे आकडे असतात. कापड पाण्याचा किती उंच स्तंभ पेलते, त्याचे हे माप. छताला १५०० पुरते. तळाला मात्र ३००० किंवा अधिक हवे, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो तेव्हा तिथला दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त असतो. पण नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नये. पाणी बहुधा शिवणीतून शिरते. शिवणींवर आतून पट्टी चिकटवली आहे की नाही, हे बोट फिरवून पाहावे. बाहेरचे पांघरूण जमिनीपासून चार बोटांवर येते की छत्रीसारखे वरच संपते, हेही पाहावे. पुष्कळ स्वस्त तंबूंत वजन आणि किंमत कमी केली जाते ती इथेच. वारा असला की पाऊस आडवा येतो आणि अशी छत्री कुचकामी ठरते.

उभारणीचा क्रमही विचारून घ्यावा. काही तंबूंत आतली खोली आधी उभी करावी लागते व पांघरूण मागाहून; भर पावसात तेवढ्या वेळात आतले सारे भिजते. पांघरूण आधी उभे राहते तो तंबू आपल्याकडे सोयीचा. दाराशी लहानशी पडवी असावी, म्हणजे ओले बूट आणि पिशव्या बाहेर राहतात.

दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा-एक लिटर पाणी बाहेर पडते. त्याला वाट नसली की ते कापडाला आतून घाम आल्यासारखे जमते आणि लोक म्हणतात, तंबू गळतो! म्हणून वर झरोके हवेत, आणि पावसातही ते उघडे ठेवता येतील अशी झाकणे हवीत. थंडी वाजते म्हणून झरोके बुजवून आत चूल किंवा शेगडी पेटवणे हा तर जिवाशी खेळ आहे. विषारी वायूला वास नसतो.

घरी आल्यावर तंबू पूर्ण वाळवून ठेवावा. कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप कोकणच्या दमट हवेत ओला घडी घातल्यास चिकट होतो, त्याला कुबट वास येतो आणि मग तो सोलवटतो. सिलिकॉनचा लेप या बाबतीत टिकाऊ, पण त्यावर पट्टी चिकटत नाही; शिवणींना वेगळा लेप द्यावा लागतो.

मग वजन कमी कुठे करायचे? एक म्हणजे जागेत. दोघांना निजण्यापुरती जागा पुरे. उभे राहण्याची हौस नको. दुसरे म्हणजे वाटणीत. दोन-अडीच किलोचा भक्कम तंबू असला तरी एकाने पांघरूण व मेखा, दुसऱ्याने आतली खोली व काठ्या घेतल्या की प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा किलोच येते. पाच मित्रांनी वर्गणी काढून एक चांगला तंबू घेतला आणि आळीपाळीने वापरला, तर पाच तकलादू तंबूंपेक्षा ते शहाणपणाचे होईल. संघटनेचा फायदा इथेही होतो!

एवढे सारे झाले तरी एक गोष्ट कोणताही तंबू करू शकत नाही. तो वाईट जागेला चांगली करू शकत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले; अनेकांचा शोध लागलाच नाही. ती माणसे हौसेने तिथे गेली नव्हती, त्यांचे घरच तिथे होते. आपल्याला तर जागा निवडता येते! ओढ्याच्या पात्रात, कड्याच्या पायथ्याशी, वठलेल्या झाडाखाली, उघड्या धारेवर तंबू लावू नये. जमिनीला नव्या भेगा, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा दिसला तर सामान आवरून निघावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वारा ताशी ११० किलोमीटरच्या वर होता. अशा वेळी पक्क्या घरांची छपरे उडतात, तिथे तंबूची काय कथा? हवामान खात्याने इशारा दिला असेल, किंवा प्रशासनाने बंदी घातली असेल, तर रविवार घरी घालवावा. डोंगर पुढल्या रविवारीही तिथेच असतो.

तंबू आणल्यावर तो आधी गच्चीवर लावून पाहावा. नळी धरून वर पाणी सोडावे आणि एकाने आत बसून पाहावे. मग दिवे मालवून, अंधारात तो पुन्हा एकदा उभा करावा. जे चुकायचे ते घरी चुकलेले बरे. लोखंड्यांच्या काळात लोकांनी झगडून मिळवलेली ही सुट्टी आहे. ती डोंगरात आनंदात जावी आणि सोमवारच्या पहिल्या पाळीला प्रत्येक जण सुखरूप हजर असावा, एवढीच माझी इच्छा आहे.